कारवारला जाताय? बिणग्याचं आधी वाचा

‘पोहायला निवांत किनारा’ म्हणून बिणगा सुचवणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. कारवारहून अंकोल्याकडे निघालं, बोगदा ओलांडला की बिणगा. तिथे समुद्राआधी कॉस्टिक सोड्याचा कारखाना दिसतो. पूर्वी तिथे पाऱ्याच्या पद्धतीने सोडा निघायचा आणि त्या उपसागराच्या गाळात पारा सापडलेला आहे. पोहायचंच असेल तर माजाळी गाठा. पुढे आरग्याला नौदलाची हद्द लागते. कॅमेरा पिशवीत, ड्रोन घरी.

बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा हा रस्ता जवळचा. पावसाळ्यात मात्र अणशी घाटात दरडी येतात, तेव्हा निघण्याआधी रामनगरला चौकशी करा. टाकीही तिथेच भरा. जंगल व्याघ्र प्रकल्पाचं आहे, अंधारापूर्वी कद्र्याला उतरा. यल्लापूर-अंकोला मार्ग लांबचा आणि लॉऱ्यांनी भरलेला, पण जुलै-ऑगस्टात तोच बरा.

त्या मार्गाने आलात तर बिणगा वाटेतच. दुचाकीवाल्यांनी इथे टँकरच्या मागे चिकटून चालवू नये. पाठीमागच्या पाटीवरचा आकडा वाचा: १८२४ म्हणजे कॉस्टिकचं द्रावण, १७८९ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, १०१७ म्हणजे क्लोरीन. रस्त्यावर कॉस्टिक सांडलं तर ते साबणासारखं निसरडं असतं आणि कातडी जाळतं. ओला पट्टा दिसला की पाऊस असो नसो, चाक त्यात घालू नका. अंगावर उडालंच तर कपडे काढून निदान पंधरा मिनिटं नळाखाली धरा. वर लिंबू-व्हिनेगर चोळण्याचे उद्योग नकोत. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, म्हणून खोलगट जागी साचतो. ब्लीचिंग पावडरीचा उग्र वास आला तर वाऱ्याला आडवं सरका आणि उंचावर जा. किनाऱ्याकडे उतरायचं नाही. कोंडलेल्या जागेत गॅस वाईट, तेव्हा वास असताना बोगद्यात तर मुळीच शिरू नका.

रेल्वेने येणाऱ्यांची लूट वेगळीच. स्टेशन शिरवाडला, गावाबाहेर. गाडी आली की रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात, रात्री तर विचारूच नका. बसण्याआधी भाडं ठरवा, माणशी की रिक्षाचं तेही विचारून घ्या. दिवसा हमरस्त्यावर येऊन बस पकडली तर चिल्लरीत काम होतं.

गोव्याकडून येणाऱ्यांनी एवढंच बघावं: काळी नदीवरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला, त्यामुळे दोन्हीकडची वाहनं नव्या पुलावर आली. शनिवार-रविवारी सदाशिवगडला वेळ हाताशी ठेवूनच पोचा.

टागोर किनारा, युद्धनौकेचं संग्रहालय ठीक आहे. संध्याकाळ पुरते.