तुम्ही विचारलंत म्हणून : ‘प्लास्टिक लव्ह’नंतर काय ऐकू?

जपानी सिटी पॉपच्या, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या तिथल्या शहरी पॉप संगीताच्या, नादाला नव्याने लागलेली मंडळी मला हमखास हेच विचारतात. ‘प्लास्टिक लव्ह’ ऐकून झालेलं असतं आणि मारिया ताकेउचीच्या त्या १९८४ सालच्या गाण्यामागे तिचा नवरा तात्सुरो यामाशिता आहे, हेही कळलेलं असतं. मग मी सांगतो, यामाशिताच ऐका, पण १९८२ पर्यंतचा. आणि ऐकताना मिनाको योशिदा हे नाव शोधा.

आपल्याला आकाशवाणीने गाण्याआधी गीतकाराचं नाव ऐकायची सवय लावली. सिटी पॉप मात्र आपल्यापर्यंत आलं ते यूट्यूबवरून, निळ्याशार पाण्याचं चित्र आणि गायकाचं नाव एवढंच घेऊन. भाषा कळत नाही, त्यामुळे शब्द कुणाचे हे विचारायचं कुणाला सुचतही नाही. यामाशिताच्या त्या काळातल्या कितीतरी गाण्यांचे शब्द योशिदाचे आहेत. ‘स्पेसी’ (१९७७) या अल्बममधलं ‘लव्ह स्पेस’ तिचं. ‘गो अहेड!’ (१९७८) मधलं ‘बॉम्बर’ तिचं. हे ‘बॉम्बर’ ओसाकाच्या डिस्कोंमध्ये वाजायला लागलं आणि तोवर फारसा न खपणाऱ्या यामाशिताकडे लोकांचं लक्ष गेलं.

ती निव्वळ गीतकार नव्हे, हे सांगायलाच हवं. दोघंही १९५३ सालची, पण १९७३ मध्ये तिचा पहिला अल्बम आला तेव्हा यामाशिताचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. स्वतः गाते, चाली बांधते. तिच्या ‘फ्लॅपर’ (१९७६) मध्ये ‘लास्ट स्टेप’ला चाल यामाशिताची आहे. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून होती.

‘फॉर यू’ (१९८२) मधलं पहिलंच गाणं ‘स्पार्कल’ लावा. आधी नुसती गिटार. यामाशिता तारा छेडतो आणि सूर लांबायच्या आत दाबून तोडतो, त्यामुळे ठेका गिटारमध्येच तयार होतो. मग जुन आओयामाचे ड्रम आणि कोकी इतोचा बेस आत येतात, आणि सगळं गाणं एकदम उघडतं. हे शब्दही योशिदाचेच. जॅझची गोडी असेल तर मात्र ‘लव्ह स्पेस’ आधी ऐका : पियानोवर हिरोशी सातो, बेसवर हारुओमी होसोनो. सातोचा पियानो गाण्याला टेकू देत नाही, गाण्याशी बोलतो.

‘फॉर यू’नंतर यामाशिता बहुतेक शब्द स्वतःच लिहू लागला. त्याचं जपानभर गाजलेलं ‘ख्रिसमस ईव्ह’ १९८३ चं, त्यानंतरचंच. मला ती पुढची गाणी जरा जास्तच घरंदाज वाटतात. भांडायचं असेल तर भांडा.

योशिदा तोवर भलतीकडेच निघाली होती. ‘मोनोक्रोम’ (१९८०) संथ, काळोखा. समुद्रकिनारा शोधणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी ‘मॉन्स्टर्स इन टाउन’ (१९८१) आहे, त्यातलं ‘टाउन’ म्हणजे खणखणीत फंक, ठेक्यावर नाचवणारं संगीत.

एक अडचण आहे. यामाशिता आपले अल्बम स्ट्रीमिंगवर ठेवत नाही. पण त्या काळातले अल्बम २०२३ मध्ये रेकॉर्ड आणि कॅसेटवर पुन्हा निघाले. भारतात मागवायचे तर खिसा हलका होतो. एकच घ्यायचा असेल तर कव्हर ‘फॉर यू’चं जास्त देखणं आहे, पण घ्या ‘स्पेसी’.