आज मान्याचीवाडी पाहिली

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी. 2024 मध्ये हे राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. आज मुद्दाम जाऊन आलो आणि मन भरून आलं.

जिकडे बघावं तिकडे छपरावर पॅनेल. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण 4 युनिट वीज देतं. हीच वीज कोळशावर केली तर हवेत वर्षाकाठी एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड जातो. एका छपराचा हा हिशेब, तर अख्ख्या गावाचा किती!

पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटला 30 हजारांचं अनुदान आहे (दोन किलोवॉटपर्यंत), महावितरणची यंत्रणाही आहे. पण मला वाटतं, खरं काम सरपंच आणि गावकऱ्यांचं. घरोघरी जाऊन पटवणं, कागदपत्रं गोळा करणं, उरलेल्या खर्चाची सोय बघणं, हे मंत्रालयातून होत नाही. स्वच्छतेत या गावाने आधीच नाव कमावलंय, त्यामुळे एकत्र येऊन काम करायची सवय होतीच.

मुंबई महापालिकेने 2022 मध्ये हवामान आराखडा करून 2050 पर्यंत नेट झिरोचं (म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडला जाईल तेवढा शोषला जावा, असं) उद्दिष्ट ठेवलंय. तेही हवंच. पण वाडी-वस्तीने आधी करून दाखवलं याचा मला फार अभिमान वाटतो. पुढच्या ग्रामसभेत आमच्या गावासाठी हा विषय मांडणार आहे.