सॉफ्टवेअरला दिसलेल्या भेगा आणि ४७ मीटरवरचं पाणी

कळंब तालुक्यात, यवतमाळ जिल्हा, एका शेतातल्या बोअरचं इमेजिंग, म्हणजे आतल्या भिंतीचं चित्र काढायचं काम, होतं. नाल्याचं पाणी गाळून त्या बोअरमध्ये सोडायचं असं गावाचं चाललं होतं, म्हणून पाणी नेमकं कोणत्या भेगेतून आत-बाहेर होते ते आम्हाला सांगायचं होतं. बोअर ६ इंची, ७५ मीटर, वरून केसिंग (भिंतीला आधाराचा पाइप), खाली सगळा आपला काळा बेसाल्ट.

अकौस्टिक टेलिव्ह्यूअर खाली सोडला. हे टूल फिरत फिरत भिंतीवर आवाजाच्या लहरी मारते आणि परत आलेल्या लहरीवरून चित्र काढते, आणि बोअरमध्ये पाणी असल्याशिवाय चालत नाही, म्हणून पाण्याच्या पातळीखालचंच चित्र मिळालं. ते चित्र म्हणजे डब्यावरचं लेबल उभं फाडून सपाट पसरावं तसं असते, त्यामुळे तिरपी भेग सरळ न दिसता साइन कर्व्हसारखी वळणदार दिसते. भेग जेवढी उभी तेवढं वळण उंच, म्हणजे १५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये ६० अंश कललेली भेग असली तर माथ्यापासून तळापर्यंत साधारण २६ सेंटिमीटर.

लॅपटॉपवर ऑटो पिकिंग चालवलं, म्हणजे चित्रातल्या भेगा सॉफ्टवेअरलाच शोधायला लावल्या, आणि स्क्रीन रंगीत रेघांनी भरून गेली. ३० ते ४० मीटरमध्ये तर रेघेला रेघ लागून, आणि स्कोअरही, म्हणजे ही भेगच आहे याची सॉफ्टवेअरला किती खात्री तो आकडा, भारी. शेताचे मालक, काका, मागं उभे राहून पाहत होते. म्हणाले, "सायेब, एवढ्या भेगा हायेत तं पानी कावून नाई लागून राह्यलं?"

इतका बरोबर प्रश्न मला ऑफिसात कोणी विचारला नव्हता. बोअर जेमतेम पाणी देत होतं आणि स्क्रीनवर चाळणी दिसत होती. दोन्ही खरं असणं कठीणच.

मी सगळ्यात आधी चित्राची डावी आणि उजवी कड पाहायला घेतली. त्या दोन कडा म्हणजे बोअरमधली एकच जागा, मधून कापलेली, त्यामुळे खऱ्या भेगेची रेघ डावीकडं ज्या खोलीवर निघाली त्याच खोलीवर उजवीकडं पोचलीच पाहिजे. ३० ते ४० मधल्या रेघा पोचत नव्हत्या, प्रत्येक रेघ थोडी खाली उतरून पुढच्या रेघेत मिसळत होती आणि सगळ्यांमधलं अंतर सारखं. म्हणजे बोअर पाडताना ड्रिलचा हॅमर फिरत खाली जाताना भिंतीवर पडलेला, स्क्रूसारख्या आट्यांचा माग. सॉफ्टवेअरला अर्ध्या घेरातला तुकडा वळणावर बसला की पुरते, बाकीचा अर्धा घेर ते विचारत नाही. मग मी अटच घातली की घेराच्या चारही भागांत रेघेचा पुरावा पाहिजे, नाहीतर ती रेघ बाद. अर्ध्याहून जास्त रेघा तिथंच गेल्या.

त्याखाली लाव्हाच्या थराचा वरचा भाग लागला, वायूच्या फुग्यांनी भरलेला. काळे ठिपके जवळजवळ आले की सॉफ्टवेअर जोडून टाकते, तेही काढले. मग टूल परत एकदा वर ओढलं, आणि पहिल्या रनमधले काही आडवे पट्टे दुसऱ्यात नव्हतेच. केबल अडखळत आली की असे पट्टे पडतात, खडकाचा त्यात काही संबंध नसतो, आणि एकाच रनवर काम उरकणाऱ्यांना ते कधीच कळत नाही, याची मला खरंच चीड येते.

उरलेल्या रेघा मी टूलच्या दोन्ही चित्रांत पाहिल्या. लहर किती जोरानं परत आली हे एक चित्र, आणि किती वेळानं आली हे दुसरं. कॅल्साइट किंवा झिओलाइट अशा खनिजांनी भरून गेलेली भेग, म्हणजे शीर, पहिल्यात ठळक दिसते पण दुसऱ्यात नाही, कारण तिथं भिंत आत गेलेलीच नसते. उघडी भेग दोन्हीत दिसते आणि कॅलिपरवरही (बोअरचा व्यास मोजणारं टूल) तिथं व्यास वाढलेला असतो. भारी स्कोअरवाल्या बऱ्याच रेघा अशा भरलेल्या शिरा निघाल्या. भेग म्हणून खऱ्या, पण पाण्यासाठी बंद.

आता ४७ मीटर. तिथली रेघ सॉफ्टवेअरनं सगळ्यात कमी स्कोअरच्या यादीत टाकली होती, फुग्यांनी ती मधेमधे तुटली होती म्हणून. नुसती स्कोअरची मर्यादा वाढवून यादी साफ केली असती तर पहिली हीच गेली असती! पण ही रेघ दोन्ही कडांना जुळत होती, वेळेच्या चित्रात दिसत होती, दोन्ही रनमध्ये होती, आणि कॅलिपरवरही तिथं व्यास वाढलेला होता.

मग वर छोटा पंप हळू चालू ठेवून हीट पल्स फ्लोमीटर सोडला. तो पाण्याला जरासा गरम झटका देतो आणि ते गरम पाणी वरच्या सेन्सरला पोचते की खालच्या ते पाहतो. ४७ च्या खाली पाणी जवळपास थांबलेलं, ४७ च्या वर लगेच वाहायला लागलेलं, पुन्हा करून पाहिलं तरी तेच. ३० ते ४० मध्ये प्रवाहात काहीच वाढ नाही.

काकांना ग्राफ दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे आठ आन्याचं पानी एकाच ठिकानून येऊन राह्यलं जी." मी म्हटलं आठ नाही काका, जवळपास सोळा आणे.

रिपोर्टमध्ये बाद केलेल्या रेघाही ठेवल्या, प्रत्येकीसमोर कारण लिहून: आटे, फुगे, केबल, भरलेली शीर. ६१ मीटरवरची एक रेघ 'संशयित' म्हणूनच ठेवली, घेराच्या तीन भागांत होती आणि चौथ्यात चित्रच खराब होतं. सरपंचताईंनी विचारलं की ती मोजायची का, तर मी सांगितलं की पाणी सोडण्याचा हिशोब ४७ वरच करा, ६१ चं काय ते, पाणी सोडल्यावर फ्लोमीटर परत लावून पाहू.