जुन्या हार्ड डिस्कला केसिंग निवडताना

डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला आणि तो दुरुस्त करण्यात काही अर्थ उरला नव्हता. हार्ड डिस्क मात्र धडधाकट होती आणि तिच्यात कित्येक वर्षांचे फोटो होते. ती बाहेर काढून एखाद्या केसिंगमध्ये घालायची आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, एवढंच काम. पण केसिंग शोधायला बसलं की एकासारखे एक डबे समोर येतात आणि प्रत्येकावर स्पीडचे मोठमोठे आकडे. म्हणून तो शोध बाजूला ठेवला आणि आधी कॅबिनेट उघडून डिस्क हातात घेतली. कोणता डबा घ्यायचा हे डिस्कच सांगते, फक्त तिच्याकडे नीट बघायला हवं.

पहिला प्रश्न जोडणीचा. घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्कांत दोन प्रकारच्या जोडण्या असतात, जुनी आयडीई (IDE) आणि नवी साटा (SATA). २००३च्या सुमाराला साटा डिस्का बाजारात आल्या, त्याआधीच्या बहुतेक आयडीई. ओळखायला सोपं आहे. मागे दोन ओळींत टोकदार पिना दिसल्या, शेजारी पॉवरच्या चार जाड पिना असल्या, की ती आयडीई. चपट्या पट्टीसारखे दोन सॉकेट असले, एक अरुंद आणि एक रुंद, की साटा. माझी साटा निघाली, सुटलो. आयडीईसाठीची केसिंग आता शोधून काढावी लागतात. तशी डिस्क असेल तर मी केसिंगच्या नादी न लागता आयडीई आणि साटा दोन्ही चालणारी, स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेली यूएसबी केबल घेईन. डेटा एकदाच काढायचा असतो, त्यासाठी डबा कशाला?

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि खरी मेख इथेच आहे. लॅपटॉपची डिस्क २.५ इंची, डेस्कटॉपची ३.५ इंची. फरक नुसत्या लांबी-रुंदीचा नाही, विजेचा आहे. माझ्या डिस्कच्या लेबलवर दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले होते: ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. पाच व्होल्टवर तिचं इलेक्ट्रॉनिक सर्किट चालतं आणि बारावर तबकड्या फिरवणारी मोटर. यूएसबीच्या साध्या पोर्टमधून मिळतात फक्त ५ व्होल्ट. करंट जुन्या २.० पोर्टला ५०० मिलिअँपिअर, ३.० ला ९००. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क तेवढ्यावर भागवते. ३.५ इंचीला बारा व्होल्ट लागतातच, म्हणून तिच्या केसिंगला भिंतीत खोचायचा वेगळा अडॅप्टर असतोच असतो. ‘दोन्ही आकारांच्या डिस्का चालतात’ असं लिहिलेल्या एका केसिंगच्या वर्णनात अडॅप्टरचं नावच नव्हतं. ते मी तिथेच सोडून दिलं.

अडॅप्टर आहे म्हटल्यावरही तो किती अँपिअरचा हे बघितलं. डिस्क एकदा फिरायला लागली की फारसं काही मागत नाही, पण सुरू होताना त्या जड तबकड्यांना मिनिटाला ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायचं असतं. त्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअरपर्यंत करंट ओढला जाऊ शकतो. अडॅप्टर तोकडा असला की डिस्क फिरायचा प्रयत्न करते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि बघणाऱ्याला वाटतं डिस्कच खराब झाली. मी १२ व्होल्ट, २ अँपिअर हे शब्द वर्णनात स्पष्ट दिसल्याशिवाय पुढे गेलो नाही.

स्पीडचं प्रकरण पटकन मिटलं. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही नावं एकाच ५ गिगाबिट वेगाची आहेत. नावं बदलण्याचा हा उद्योग कोणाच्या सोयीसाठी केला देव जाणे. जुनी फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, म्हणजे ५ गिगाबिटच्याही बरंच खाली, त्यामुळे १० गिगाबिटच्या केसिंगसाठी जास्तीचे पैसे देण्यात हशील नाही. २.० मात्र टाळलं, कारण तिथे प्रत्यक्षात तीस-चाळीस एमबीच्या वर गाडी जात नाही आणि फोटोंचा ढीग उपसताना ते जाणवतं.

प्लॅस्टिक की ॲल्युमिनियम, यात ॲल्युमिनियम निवडलं. ३.५ इंची डिस्क तास-दोन तास सलग कॉपी करताना चांगलीच तापते आणि धातूच्या डब्यातून उष्णता बाहेर पडते. पंखा असलेलं नको होतं. छोटा पंखा आधी कुरकुरतो आणि मग बंद पडतो.

केसिंग आल्यावर डिस्क बसवायला पाच मिनिटं लागली. ती आधी दाबून सॉकेटमध्ये बसवली, मग स्क्रू लावले. उलट क्रमाने केलं तर कनेक्टरवर ताण येतो. जोडल्यावर ड्राइव्ह दिसला, पण माझ्याच जुन्या फोल्डरवर क्लिक केलं तर ‘परवानगी नाही’. घाबरण्यासारखं काही नसतं, ते फोल्डर जुन्या विंडोजमधल्या यूजरच्या नावावर असतं. ॲडमिन म्हणून मालकी आपल्याकडे घेतली की उघडतं. याउलट, ‘डिस्क फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशिअलाइझ करा’ असा निरोप आला असता तर मी रद्द करून आधी दुसरं केसिंग लावून पाहिलं असतं. काही केसिंगमधली चिप सेक्टरचा, म्हणजे डिस्कवर डेटा ठेवायच्या छोट्या कप्प्याचा, आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट दाखवते, आणि मग भरलेली डिस्कसुद्धा कोरी वाटते. हे जास्त करून २ टीबीच्या वरच्या डिस्कांच्या बाबतीत होतं, माझी ५०० जीबीचीच होती.

कॉपी सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहिली. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर दोन्ही शून्य होते. ते आकडे वाढलेले असते तर सगळ्यात लाडके फोटो आधी काढले असते. आणि डिस्क टकटक वाजत असती तर तिला वीजच दिली नसती, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे नेली असती.

आता ती डिस्क दुसऱ्या बॅकअपसाठी वापरतो. तिच्या अडॅप्टरवर मार्करने ‘हार्ड डिस्क’ लिहून ठेवलं आहे, कारण राउटरच्या अडॅप्टरची गोल पिन हुबेहूब तशीच आहे आणि तो आहे ९ व्होल्टचा.