48 गुणांचं काय झालं?

2024-25 च्या आयएसएलमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमध्ये, आमच्या एफसी गोवानं 24 सामन्यांत 48 गुण मिळवून दुसरा नंबर पटकावला. बंगळुरू एफसी 38 गुणांवर तिसरी. मध्ये दहा गुणांचं अंतर, म्हणजे तीन विजय आणि वर एक बरोबरी. हे अंतर कमवायला सप्टेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ लागला, आणि ते पुसायला एप्रिलच्या दोन रात्री पुरल्या.

दोन सामन्यांची सेमीफायनल, समोर तीच बंगळुरू. 2 एप्रिलला बंगळुरूत आम्ही 0-2 हरलो. पहिला गोल तर आमच्याच झिंगनच्या पायाला लागून आत गेला. 6 तारखेला फातोर्ड्याला, मडगावातल्या आमच्या मैदानावर, 49 व्या मिनिटाला बोर्हा हेरेरानं एक फेडला, 88 व्या मिनिटाला सादिकूनं दुसरा. दोन्ही सामने मिळून 2-2. अख्खं स्टेडियम उभं, आता जादा वेळ खेळायचा, बंगळुरूवाले दमलेले, असं वाटत असताना 90+2 व्या मिनिटाला सुनील छेत्रीनं गोल केला. एकूण 3-2. हंगाम संपला.

हरलो त्याचं दुःख आहेच, पण ते खेळाचं दुःख आहे, ते मी पचवते. पचत नाही ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी उघडलेल्या जवळपास प्रत्येक बातमीत एकच गोष्ट होती: चाळिशीतला छेत्री, निवृत्तीतून परत आलेला छेत्री, शेवटच्या क्षणाचा छेत्री. तो मोठा खेळाडू आहे, देशासाठी त्यानं केलंय त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या सामन्यात आणखी एक संघ खेळत होता ना? दोन गोलांची पिछाडी 88 मिनिटांत भरून काढणारा संघ? त्यांनी ती कशी भरली, 2-0 झाल्यावर बचावफळी पुढे का सरकली, छेत्रीला कोण पाहत होतं, यावर चार ओळी मला हव्या होत्या. मिळाल्या नाहीत. आमचा संघ त्या बातम्यांमध्ये होता तो फक्त छेत्रीला गोल करायला कोणीतरी समोर हवं म्हणून.

मी मूळची बांद्याची, सिंधुदुर्गातली. नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, राहते मडगावात. आमच्याकडची अर्धी पोरं-पोरी नोकरीला गोव्यातच येतात. फुटबॉल मला घरातून मिळाला नाही. बांद्याला कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. फातोर्ड्याला पहिल्यांदा ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले आणि मग जातच राहिले. शेजारच्या खुर्चीवर बोर्ड्याचे एक काका असतात. त्यांनी साळगावकर, धेंपो, चर्चिल, वास्को हे गोव्याचे जुने क्लब सगळे पाहिलेत. आम्ही जिंकलो की ते शांत असतात आणि हरलो की बोलतात.

आणि बोलायला त्यांना भरपूर आहे. 20 डिसेंबर 2015, फायनल, फातोर्डाच. 87 व्या मिनिटाला जोफ्रेनं फ्री किकवर गोल केला आणि गोवा 2-1 नं पुढे. 90 व्या मिनिटाला आपलाच गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि दोन मिनिटांत मेंडोझानं चेन्नईयिनला 3-2 नं जिंकून दिलं. त्यानंतर सामन्यावर कोणी बोललंच नाही. महिनोन्महिने चालली ती सामन्यानंतरच्या भांडणाची आणि दंडाची चर्चा. कट्टीमनीचा मात्र तेवढा एकच क्षण लोकांनी लक्षात ठेवला.

पण काका इथे थांबत नाहीत, आणि मीही थांबणार नाही. 20 मार्च 2022. तेच मैदान, पुन्हा फायनल, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. 1-1, मग पेनल्टी शूटआउट. हैदराबादच्या गोलात कट्टीमनी. त्यानं तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद 3-1 नं चॅम्पियन झालं. गोव्याचा पोरगा, ज्या गवतावर सहा वर्षांपूर्वी त्याच्या नावावर तो गोल लागला त्याच गवतावर. यापेक्षा मोठी गोष्ट भारतीय फुटबॉलमध्ये मला सांगा! आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर आलं काय, तर केरळच्या पिवळ्या लाटेचं हुकलेलं स्वप्न. केरळचे लोक हजारोंनी आले होते, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, ते दाखवायलाच हवं. त्यांच्या शेजारी कट्टीमनीला अर्धा रकाना दिला असता तर काय बिघडलं असतं?

2019 ची फायनल मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर. जादा वेळात आमचा जाहूह लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, दहा जणांनी किल्ला लढवला आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला. बंगळुरू 1-0. भेके मुंबईचा, आपला मराठी माणूस, त्यामुळे त्याच्यावर रागावणं मला फार जड जातं. पण हा योग बघा: 2024 मध्ये मुंबई सिटीनं आम्हाला सेमीफायनलमध्ये काढलं तेव्हा तो मुंबईकडे होता, आणि 2025 मध्ये बंगळुरूनं काढलं तेव्हा परत बंगळुरूकडे.

2024 वर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण ती रात्र मी स्टेडियममध्ये होते. 24 एप्रिल. बोरिस सिंगनं सोळाव्या मिनिटालाच गोल केला, मध्यंतरानंतर ब्रँडन फर्नांडिसनं दुसरा. ब्रँडन मडगावचा, त्याच्या गोलाला फातोर्ड्याचा आवाज वेगळाच येतो. घड्याळात 89 झाले तोपर्यंत 2-0. माझ्या पुढच्या ओळीतले लोक पार्किंगमधून लवकर निघता यावं म्हणून उठायला लागले होते. 90 व्या मिनिटाला छांगटे. 91 व्या मिनिटाला विक्रम प्रताप. 96 व्या मिनिटाला परत छांगटे. 2-3. घरी पोचेपर्यंत मी कोणाशीही बोलले नाही.

डोंबिवलीला माझा आतेभाऊ आहे, मुंबई सिटीचा कट्टर. त्या रात्री त्याचा फोन आला, मी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला विचारलं, "तायडे, तुम्ही लोक 89 मिनिटं एवढं भारी खेळलात, त्याबद्दल टीव्हीवर कोणी काहीच का बोललं नाही गं?" टीव्हीवर फक्त ‘कमबॅक’ हा शब्द घोळत होता म्हणे. मुंबईच्या पाठीराख्याला हे जाणवलं आणि पगार घेऊन बोलणाऱ्यांना जाणवलं नाही.

या आतेभावाचं एक ठाम मत होतं: नॉकआउट जिंकतो तोच चॅम्पियन, बाकी सगळी आकडेमोड. 2022-23 नंतर ते त्यानं सोडून दिलं. त्या वर्षी मुंबई सिटीनं 46 गुण मिळवून लीगमध्ये पहिलं येणाऱ्याची शील्ड जिंकली, सलग 18 सामने हरलेच नव्हते. बंगळुरू 34 गुणांवर चौथी. सेमीफायनलमध्ये दोन सामने मिळून बरोबरी झाली आणि पेनल्टींवर मुंबई 8-9 नं बाहेर पडली. त्याच बंगळुरूनं आधीच्या फेरीत केरळला छेत्रीच्या त्या झटपट घेतलेल्या फ्री किकवर हरवलं होतं, ज्यानंतर केरळचा प्रशिक्षक संघ घेऊन मैदानाबाहेर गेला. फेडरेशननं केरळला 4 कोटींचा दंड ठोकला. त्या वादावर पॅनेलवाले किती दिवस भांडत होते! मुंबईच्या अख्ख्या हंगामावर त्याच्या पावपटही कोणी बोललं नाही. तेव्हा हा फक्त गोव्याचा गाऱ्हाण्याचा पाढा नाही.

प्लेऑफ, म्हणजे लीग संपल्यावरचे बाद सामने, असूच नयेत असं मी म्हणत नाही. बोर्ड्याचे काका म्हणतात. धेंपोनं पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि पाचही वेळा तक्त्यात वर राहून. तेव्हा वर्षभर जो सगळ्यांशी खेळून पुढे राहिला तो विजेता, इतकं सरळ होतं. आयएसएल 2014 मध्ये सुरू झाली तीच टीव्हीसाठी घडवलेली स्पर्धा म्हणून. शेवटची एक रात्र हवी, दिवे हवेत, ट्रॉफी हवी. लीगमध्ये पहिलं येणाऱ्याला वेगळी शील्ड द्यायला 2019-20 साल उजाडलं. ती पहिली शील्ड कोणी जिंकली? एफसी गोवानं. शेवटचे काही सामने क्लिफर्ड मिरांडानं, आपल्या गोव्याच्या माणसानं, हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळले होते. मग सेमीफायनलमध्ये चेन्नईयिननं दोन सामने मिळून 6-5 नं काढलं, आणि त्या वर्षाचा चॅम्पियन म्हणून नाव लागलं एटीकेचं. आज कुठल्याही क्विझमध्ये 2020 चा विजेता विचारा, उत्तर एटीके. वर्षभर सगळ्यांच्या पुढे राहिलेल्या संघाचं नाव तळटीपेत.

वर त्या उन्हाळ्यात आमचा प्रशिक्षक राहिलेला लोबेरा, जाहूह, बुमूस, फॉल आणि आपला मंदार राव देसाई असे सगळे मुंबईला गेले, आणि 2021 च्या सेमीफायनलमध्ये त्यांनीच आम्हाला पेनल्टींवर 6-5 नं हरवलं. त्यावर बोलायला मला आजही त्रास होतो, म्हणून सोडते.

पण शील्डमुळे जे मिळालं ते सांगते. एप्रिल 2021 मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, गटसाखळीत खेळला. त्या टप्प्यावर पोचलेला पहिला भारतीय क्लब. लॉरां ब्लां प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल रय्यानला 0-0 वर रोखलं. धीरज सिंग गोलात भिंतीसारखा उभा होता. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध आमच्या एदू बेदियानं डोक्यानं मारलेला गोल हा या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला गोल. सामने फातोर्ड्यालाच, पण कोविडमुळे आम्हाला आत प्रवेश नव्हता. मैदान घरापासून इतकं जवळ आणि मी फोनवर बघतेय. वर्तमानपत्रांत तेव्हा आयपीएलची सुरुवात. गावी बाबांना विचारलं, पेपरात काय आलंय? ते म्हणाले, "आमच्या पेपरात काय्येक नाय गो."

आमच्या पेपरात नसतं त्याचं एक साधं कारण मला आता कळलंय. सामना साडेसातला सुरू होतो, कारण टीव्हीला ती वेळ हवी. संपायला साडेनऊ, जादा वेळ आणि पेनल्टी असेल तर सव्वादहाच्या पुढे. सिंधुदुर्गात येणारी आवृत्ती तोवर छापायला गेलेली असते. म्हणजे प्लेऑफचा सामना जितका रंगतो तितका तो आमच्या गावच्या पेपरात यायची शक्यता कमी. दुसऱ्या दिवशी तो शिळा, आणि त्या जागेवर आयपीएलचा गुणतक्ता. 2024 आणि 2025 मध्ये प्लेऑफ आले तेच ऐन आयपीएलमध्ये.

टीव्हीचं वेगळं आहे. सामने दाखवणाऱ्यांचे आणि लीग चालवणाऱ्यांचे आर्थिक हितसंबंध सुरुवातीपासून 2025 पर्यंत एकमेकांत गुंतलेले होते. मग चुकलेल्या पंचाबद्दल, खराब मैदानाबद्दल, वेळापत्रकाबद्दल समालोचक रोखठोक कसा बोलणार? आणि मोठे चाहतेवर्ग कोलकाता आणि केरळचे, म्हणून जाहिराती तिकडच्या, म्हणून गोष्टीही तिकडच्या. आम्हाला पहिली काही वर्षं ओळख मिळाली ती ‘विराट कोहलीचा संघ’ ही. मैदानात मंदार डाव्या बाजूनं पळून पळून घामाघूम झालेला असायचा आणि कॅमेरा मात्र व्हीआयपी स्टँडकडे वळायचा.

त्या 6 एप्रिलनंतर महिनाभरानं, 3 मे 2025 ला भुवनेश्वरमध्ये, याच संघानं जमशेदपूरला 3-0 हरवून सुपर कप जिंकला. दोन गोल बोर्हाचे, एक द्राझिचचा. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला फातोर्ड्यावर 2-1 नं हरवून चॅम्पियन्स लीग टू मध्ये, आशियातल्या दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेत, जागा मिळवली. आणि सोडत निघाली तर गटात रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र. झालं. महिनाभर एकच प्रश्न: रोनाल्डो येणार की नाही? माझ्या ऑफिसात ज्यांना फातोर्ड्याचं गेट माहीत नाही ते तिकिटं मागायला लागले. शेवटी तो आलाच नाही. 22 ऑक्टोबरला सामना झाला, आम्ही 1-2 हरलो, आणि बातमीचा मथळा पुन्हा तोच, न आलेला माणूस.

त्या दिवशी आमच्याकडून गोल केला ब्रायसन फर्नांडिसनं. गोव्याचा मुलगा, कोट्यवधींच्या खेळाडूंच्या संघाविरुद्ध, एकेचाळिसाव्या मिनिटाला. स्टेडियममध्ये काका उठून उभे राहिले, त्यांचे गुडघे दुखतात तरी. सुटल्यावर बसस्टँडपर्यंत ते मला त्या गोलाबद्दलच सांगत होते. त्यांच्या काळात असा गोल करणारा कोण कोण होता, कोणाचा पहिला टच कसा असायचा, ब्रायसननं आणखी काय शिकायला हवं. त्यातलं अर्धं जरी कोणी मराठीत छापलं तर मी तो पेपर रोज विकत घेईन. क्रीडा पानावर काम करणारं कोणी हे वाचत असेल तर या एकदा फातोर्ड्याला. काकांच्या शेजारची खुर्ची मी तुम्हाला देईन, मी पायरीवर बसेन.