आधी दार बघा, मग कुलूप

किल्ली अडायला लागली की आपल्या सोलापुरात पहिला इलाज ठरलेला: खोबरेल तेलाचे चार थेंब. दोन दिवस किल्ली गुळगुळीत फिरते. मग धूळ त्या तेलात बसते, आत चिखल होतो आणि किल्लीच्या खाचांनी वर-खाली होणाऱ्या आतल्या बारीक पिना हलेनाशा होतात. अशा पिनांच्या नळकांड्यात किल्ली फिरते त्या सिलिंडर लॉकला खाण्याचं तेल नकोच. मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या खाचांवर घासा आणि किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. ते शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्याला धूळ धरत नाही.

पण त्याआधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवून बघा. तशी सहज फिरली तर लॉक ठणठणीत आहे, दुखणं दाराचं आहे. मे महिन्यात पारा 42च्या पुढे गेला की लाकूड आकसतं, सप्टेंबरच्या पावसात फुगतं. त्यात वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार कुलपाच्या बाजूने खाली बसतं आणि लॉकची जीभ चौकटीच्या पट्टीवर आपटते. नेमकी कुठे, ते शोधायला जिभेच्या टोकाला ओलं कुंकू लावा, दार लावून किल्ली जाईल तेवढी फिरवा, मग उघडून पट्टीवरचा डाग बघा. डाग भोकाच्या खालच्या काठावर असेल तर लगेच कानस उचलू नका. आधी वरच्या बिजागरीचे आखूड स्क्रू काढून दीड-दोन इंची घाला. भोक सैल झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडाची काडी ठोका. एवढं करूनही मिलिमीटरभर अडलं, तर पट्टी घासा.

जुन्या वाड्यांच्या अडसराला ही भानगडच नव्हती. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचा, समोरच्या खोबणीत सारायचा. दार दोन बोटं खाली बसलं तरी त्याचं काही अडत नाही. फक्त तो बाहेरून लावता येत नाही. बाहेरून लावायला कडी-कोयंडा आणि अल्ड्रॉप, म्हणजे टाळं लावायची लोखंडी सरकती कडी. अल्ड्रॉपला महागडं सात लिव्हरचं (आत सात पट्ट्या असलेलं) टाळं लावतात आणि कोयंडा मात्र चार लाकडी स्क्रूंवर! ते बाहेरून दिसत असतील तर टाळ्याला हात लावायचीही गरज नाही, स्क्रू ड्रायव्हर पुरतो. तिथे गोल डोक्याचे आरपार बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला.

नाइट लॅच म्हणजे दाराला आतून बसवलेलं, बाहेरून किल्लीने उघडणारं लॉक; त्याची तिरपी जीभ दार लोटलं की आपोआप बसते. सोय हीच आणि घातही हाच. जून-जुलैच्या वाऱ्याने दार धाडकन लागतं, किल्ली आत टेबलावर. आतलं बटण लावून जीभ मागे धरून ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. शिवाय नुसत्या तिरप्या जिभेवर घर सोडून जाऊ नका, ती पातळ पत्रा सारूनही मागे सरकू शकते. किल्लीचा वेढा देऊन जीभ पक्की होणारा प्रकार घ्या.

मॉर्टिस लॉक दाराच्या पोटात बसतं, म्हणून दार किमान 35 मिमी जाड हवं. 30 मिमीच्या फ्लश डोअरमध्ये (सपाट प्लायच्या दारात) खाच मारली की दोन्ही बाजूंना जेमतेम पापुद्रा उरतो. मॉर्टिसचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलताना अख्खं लॉक घेऊ नका. दाराच्या कडेचा, सिलिंडरच्या रेषेतला लांब स्क्रू काढा, किल्ली थोडी फिरवा, म्हणजे मधली जीभ आत जाते आणि सिलिंडर बाहेर येतो. स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांचं माप वेगवेगळं घ्या. 30-30 आणि 25-35, दोन्ही 60 मिमीचेच, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाहेरच्या प्लेटपुढे 2-3 मिमीपेक्षा जास्त आलेला सिलिंडर पकडीने धरून मोडता येतो.

नव्या लॉकची एक किल्ली न वापरता बाजूला ठेवा आणि डुप्लिकेट कायम तिच्यावरूनच काढा. झिजलेल्या किल्लीवरून काढली तर तिची झीजही नव्या किल्लीत उतरते.