एकच ब्रश ठेवायचा तर: २४ मिमी बोअर, दाढी १ ते ४०

कडक साबणाच्या वडीवरून साबण नीट उचलता यावा, ट्यूबमधल्या मऊ क्रीमचाही फेस जमावा, आणि तो वाडग्यात करा किंवा थेट गालावर, हात तेवढाच सहज चालावा. एवढ्या सगळ्याला पुरणारा एकच ब्रश कोणता, याचा शोध या नोंदींमध्ये आहे. मुख्य ब्रश बोअरचा, म्हणजे डुकराच्या राठ केसांचा: नॉट २४ मिमी, लॉफ्ट ५५ मिमी. तुलनेला सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा: नॉट तेवढाच, लॉफ्ट ५१ मिमी. साबण, पाणी आणि रेझर शेवटपर्यंत तेच ठेवले आहेत. ते बदलत राहिले की फरक ब्रशचा होता की साबणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

मापं

नॉट म्हणजे केसांचा जुडगा. त्याचा व्यास मोजायचा तो केस मुठीत शिरतात तिथे, अगदी मुळाशी. शेंड्याशी मोजलेलं माप वापरानंतर बदलतं, त्यामुळे त्याला अर्थ नाही. लॉफ्ट म्हणजे मुठीच्या काठापासून मधल्या सर्वांत उंच केसापर्यंतची उंची.

व्यासातले दोन-चार मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण केस भरतात ते क्षेत्रफळात. २२ मिमी नॉटचं क्षेत्रफळ साधारण ३८० चौरस मिमी येतं, २४ चं ४५०, २८ चं थेट ६१५. म्हणजे २४ वरून २८ वर गेलं की केस तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतात. तेवढाच जास्त साबण लागतो आणि तेवढाच फेस नॉटच्या पोटात अडकून राहतो. शिवाय नाकाखालची जागा रंगवताना २८ मिमीचा ब्रश नाकपुड्यांत शिरतो. २० मिमीचा ब्रश मिशीच्या जागी सुरेख चालतो, पण तीन वेळा साबण लावायचा तर तिसऱ्या वेळेला फेस कमी पडतो. २४ हा आकडा या दोन्हींच्या मधला, म्हणून तो निवडला.

लॉफ्टला व्यासाने भागून ब्रश ताठ की लवचीक ते ठरवायची पद्धत आहे. बॅजर (त्या नावाच्या प्राण्याच्या मऊ केसांचा ब्रश) आणि सिंथेटिकमध्ये हा भागाकार दोनच्या आसपास असला की ब्रश मध्यम ताठ असतो; खाली गेला की कडक, २.२ च्या वर गेला की ढिला. पण हा नियम बोअरला जसाच्या तसा लावू नये. बोअरचा केस मुळाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो, त्यामुळे लॉफ्ट कमी ठेवला तर ब्रश गालावर खराट्यासारखा लागतो. इथल्या बोअरचा भागाकार २.२९ येतो आणि तरीही तो हातात ढिला वाटत नाही. दोन वेगळ्या जातींच्या केसांचे आकडे शेजारी मांडून निवड केली की हमखास चूक होते.

पहिल्या दाढीआधी

नव्या बोअरला ओल्या जनावरासारखा वास येतो. कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून दोन मिनिटं धुवायचा, मग घट्ट फेस करून तो नॉटमध्ये तसाच रात्रभर ठेवायचा. तीन वेळा असं केलं की वास जवळजवळ जातो. केसांवर राहिलेला तेलकटपणा गेला नाही तर फेस उठतो आणि मिनिटभरात बसतो. मग दोष साबणाला दिला जातो.

(प्राण्यांच्या केसांचे ब्रश धुऊन वापरण्यामागे जुनं कारणही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सचे रुग्ण आढळले होते. त्यानंतर केस निर्जंतुक करण्याबाबत कडक नियम आले.)

दाढी १ ते ३

बोअर भिजवावाच लागतो, कारण त्याचा केस स्वतः पाणी पितो. नॉट मुळापर्यंत, पण मूठ कोरडी, असा तीन ते चार मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवला. उकळतं पाणी कधीही घेऊ नये. केस ठिसूळ होतो आणि मुळाशी असलेला गोंद सैल पडतो.

या तीन दाढ्यांचे निकाल निराशाजनकच असतात. टोकं टोचतात, फेस आत गिळला जातो, दुसऱ्या वेळेला लावायला काही उरत नाही. दोन-तीन केस गळतात, ते चालतं. इथे बहुतेकांचा हात जड होतो: फेस बाहेर येत नाही म्हणून ब्रश गालावर मुळापर्यंत दाबला जातो. त्याने फेस येत नाही, केस मुळाशी मोडतात. फेस कमी पडला तर वडीवर आणखी दहा सेकंद फिरवावा.

सिंथेटिकचं मात्र पहिल्याच दिवशी काम चोख. भिजवायला नको, फक्त ओला करून झटकायचा.

दाढी ४ ते १०

पाण्याचं गणित इथे बसतं. भिजलेला बोअर दोनदा झटकला आणि वडीवर हलक्या हाताने ३० सेकंद फिरवला की नॉटवर दाट, चिकट लेप दिसतो. त्यानंतर पाणी अर्धा-अर्धा चमचाच, म्हणजे एका वेळी दोन-अडीच मिली. दरवेळी पंधरा-वीस सेकंद घोटून मग पुढचं पाणी. लेप दह्यासारखा तुकतुकीत झाला की थांबायचं. पाणी कमी असेल तर फेस निस्तेज दिसतो, त्याची टोकं ताठ उभी राहतात आणि पातं अडखळतं. जास्त झालं तर मोठे बुडबुडे दिसतात आणि फेस मनगटावर ओघळतो. मग पाणी काढता येत नाही, ब्रश पुन्हा वडीवर न्यावा लागतो.

सिंथेटिकचे धागे पाणी पीत नाहीत, पाणी नुसतं त्यांच्यामध्ये अडकून असतं. तो कमी झटकला की सगळं पाणी एकदम वडीवर उतरतं आणि पहिला फेस पातळ होतो. म्हणून त्याला तीन-चार झटके जास्तच द्यावेत. बोअरची सवय असलेले इथे फसतात. क्रीमसाठी मात्र सिंथेटिक बोअरच्या पुढे आहे: बदामाएवढ्या क्रीममध्ये तीन वेळा लावण्याइतका फेस, आणि जवळजवळ सगळा चेहऱ्यावर येतो.

दाढी ११ ते २०

बोअरमधला बदल याच टप्प्यात होतो आणि तो पाहण्यासारखा असतो. प्रत्येक केसाचं टोक दोन-तीन धाग्यांत फाटतं. भिंगाखाली ते स्पष्ट दिसतं. टोकं फाटली की टोचणं थांबतं आणि शेंड्याकडे फेस धरायला जागा वाढते. मुळाकडचा जाड भाग मात्र तसाच राहतो. शेंडा मऊ आणि कणा ताठ, हे एकाच ब्रशात मिळतं ते इथून. साधारण पंधराव्या दाढीपासून वडीवरून साबण उचलण्यात बोअर सिंथेटिकच्या पुढे गेला: तोच लेप ३० ऐवजी २० सेकंदांत.

या काळात नॉटच्या मधोमध खळगा पडू लागला होता. ब्रश एकाच दिशेने, दाबून गोल फिरवला की मधले केस बाहेर ढकलले जातात आणि वाळताना तसेच राहतात. उपाय: गोल फिरवणं फक्त साबण उचलताना, तेही दोन्ही दिशांनी, चेहऱ्यावर रंगाऱ्यासारखे सरळ फटकारे. धुतल्यावर बोटांनी नॉट शेंड्याकडे निमुळता दाबून ठेवला. आठवड्याभरात खळगा भरला.

बॅजरबद्दल थोडक्यात. त्याचा गरम, मऊ फेस आवडणाऱ्यांना दुसरं काही चालत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रतींची सर्वमान्य व्याख्या नाही; एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’च्या तोडीचा असू शकतो. एकाच ब्रशावर भागवायचं असेल तर नावावर जाऊ नये, घनता आणि लॉफ्ट पाहावा. लांब लॉफ्टचा मऊ बॅजर कडक वडीवर नुसता घसरतो.

दाढी २५, जड पाणी

नॉट धुतल्यावरही मेणचट लागू लागला, फेस कमी झाला. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी संयोग पावतं आणि न विरघळणारा साका केसांवर बसतो. एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं नॉट बुडवला, मग शाम्पूने धुतला. फेस पुन्हा पहिल्यासारखा. हे दीड-दोन महिन्यांतून एकदाच करावं. साका पाण्यामुळेच आहे का, याची खात्री करायची असेल तर एक दाढी डिस्टिल्ड पाण्यावर करून पाहावी.

दाढी ४०

बोअर पूर्ण वाळायला दिवसभर लागतो, सिंथेटिक काही तासांत. झटकून, टॉवेलवर हलकेच पुसून उघड्या हवेत ठेवला. टांगून आणि उभा, दोन्ही पद्धतींत वाळण्याचा वेळ सारखाच निघाला. बंद डबीत ओला ठेवला की बुरशी येते. लाकडी मूठ असेल तर तिच्या तोंडाशी पाणी साचू देऊ नये, लाकूड फुगून फटतं. राळेच्या मुठीला ती काळजी नाही. रोज दाढी करणाऱ्याने बोअरला एक दिवसाची विश्रांती द्यावी, त्या दिवशी सिंथेटिक घ्यावा, प्रवासातही तोच.

सगळं मिळून मुख्य ब्रश म्हणून बोअरच कायम ठेवला आहे. कडक वडीवर तो सरस, क्रीमवर थोडा मागे, गालावर दोन्ही ब्रशांत उत्तम.

केसगळती अजून आठवड्याला एखादा केस, तीही तपासून पाहिली. गळलेल्या केसाच्या मुळाशी गोंदाचा कण दिसला तर मुळाशी जोड सुटत आहे, ब्रश परत करण्याजोगा. कण नसेल, केस आखूड आणि तुटका असेल तर हात जड आहे. इथे सगळे केस तुटके निघाले, आणि ते पहिल्या दहा दाढ्यांतल्या दाबाचेच असावेत.